आईचे एकोणीस ‘हो’: पॅथॉलॉजी लॅबच्या फोनवरील एआय एजंटचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी आई ८१ वर्षांची आहे आणि तिला गेली २२ वर्षे मधुमेह आहे. दर महिन्याला उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) आणि वर्षातून एकदा मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्या हा आमच्या घरचा ठरलेला क्रम आहे. आम्ही दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही आणि आईला जिने उतरणे आता जमत नाही, म्हणून रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी येतो. हे काम आम्ही नऊ वर्षे ज्या लॅबकडून करून घेत आहोत, तिचे मुख्य केंद्र परळला आहे. जून २०२५ पासून या लॅबच्या फोनवर माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एजंट बोलू लागला. हे परीक्षण त्या एजंटच्या सेवेचे आहे. तपासण्यांच्या दर्जाबद्दल माझी कधीही तक्रार नव्हती. लॅबचे नाव मी लिहीत नाही, कारण जी चूक पुढे सांगणार आहे ती मराठीत बोलणाऱ्या कोणत्याही यंत्राकडून होऊ शकते, आणि ती कशी होते हे कळणे एका लॅबचे नाव कळण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

सोयीबद्दल आधी मोकळेपणाने सांगते. पूर्वी सकाळी आठ ते दहा या वेळेत लॅबचा फोन लागणे हा नशिबाचा भाग होता. काउंटरवरच्या बाई एकट्या असत. समोर रांग, हातात पावतीपुस्तक आणि कानाला फोन अशा अवस्थेत त्या बोलत. त्यांचा स्वभाव अतिशय चांगला होता, आईच्या डाव्या हाताची शीर सापडते आणि उजव्याची सापडत नाही हे त्यांच्या लक्षात असे. पण रात्री आठनंतर काउंटर बंद होई, आणि फोर्टमधल्या कचेरीतून मी घरी पोहोचते तीच मुळी आठ वाजता. आता फोन दुसऱ्या रिंगला उचलला जातो, रात्री अकरालाही उचलला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ तीन-चार मिनिटांत ठरते. ‘मराठीसाठी तीन दाबा’ हा प्रकारही संपला. आपण मराठीत बोलू लागलो की उत्तर मराठीत येते. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे आणि कमावणारे माणूस दिवसभर बाहेर आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

वेळेचे मराठी शब्द त्याला समजतील की नाही याबद्दल मला शंका होती. सव्वासात, साडेसहा, पावणेसात हे शब्द मी एकेक करून वापरून पाहिले आणि ते सारे त्याने बरोबर ओळखले. आई मोबाइल क्रमांक जोड्यांनी सांगते, ‘अठ्ठ्याण्णव, वीस’ अशा पद्धतीने. तोही त्याने अचूक टिपला. आईने ‘परवा’ म्हटल्यावर ते मागचे परवा की पुढचे, हे तो वाक्यातील क्रियापदावरून ओळखतो. पत्त्याच्या बाबतीत मात्र त्याची मुंबई पिनकोडची आहे आणि आईची खुणांची. ‘पोर्तुगीज चर्चच्या अलीकडे’ हे सांगताना आपण कोणत्या बाजूने येतो आहोत हे गृहीत धरलेले असते. परळहून येणाऱ्याचे अलीकडे आणि शिवाजी पार्कहून येणाऱ्याचे अलीकडे यांत चर्चभर अंतर आहे, आणि हा प्रश्न उलट विचारण्याचे त्याला सुचत नाही. एल्फिन्स्टन स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, पण आईच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. ते मात्र त्याला ठाऊक होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला पूल पाडण्यासाठी बंद झाल्यापासून परळहून येणारी मुले टिळक पुलावरून फिरून येतात आणि उशीर होतो. हा उशीर धरून वेळ देण्याइतका शहाणपणा एजंटमध्ये यायला पाच-सहा आठवडे लागले. काउंटरवरच्या बाईंना तो दुसऱ्या दिवशी आला असता.

खरा घोळ झाला ‘सहा’ आणि ‘दहा’ यांत. ऑगस्टमध्ये आईने उपाशीपोटीच्या साखरेसाठी सकाळी सहाची वेळ मागितली आणि मुलगा दहाला आला. मधुमेही माणसाने रात्रीच्या जेवणानंतर चौदा तास उपाशी राहणे ही लहान गोष्ट नाही. यात दोष पूर्णपणे एजंटचा नाही. साध्या फोनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढे जातो, आणि ‘स’चा सळसळता भाग बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून तो गाळला जातो, माणसांचीही इथे फसगत होते. फरक इतकाच की माणूस ‘सहा ना? पाच-सहातले सहा?’ असे विचारून घेतो. एजंट तेव्हा विचारत नसे. आता तो बोलणे संपताच व्हॉट्सॲपवर वेळ आकड्यांत पाठवतो, आणि हा प्रश्न बहुतांशी मिटला आहे.

त्याच्या मराठीबद्दल थोडे लिहायला हवे. सुरुवातीला तो फोन उचलून म्हणे, ‘नमस्कार, मी आपली काय सहाय्यता करू शकते?’ मुंबईतल्या कोणत्याही काउंटरवरची मराठी बाई ‘बोला’ एवढेच म्हणते आणि त्या एका शब्दात स्वागत, परवानगी आणि लक्ष हे सारे येते. ‘आपण’ या शब्दाने तर आईची पंचाईत झाली. ‘आपण उद्या सकाळी नमुना देऊ शकता’ या वाक्यातील ‘आपण’ आदरार्थी आहे. पण घरात ‘आपण’ म्हणजे तू आणि मी. आईने फोन ठेवून मला विचारले, ‘ती पण येणार आहे का उद्या?’ ही चूक आईच्या समजुतीची नाही. बोलण्यात ‘तुम्ही’ पुरेसे आदरयुक्त असताना छापील मराठीतले ‘आपण’ फोनवर आणणाऱ्याची ती चूक आहे. मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीत उद्भवतच नाही. ‘मी नोंदवते’ किंवा ‘मी नोंदवतो’ यांपैकी एक निवडल्याशिवाय यंत्राला स्वतःबद्दलची बरीच साधी वाक्येही बोलता येत नाहीत. इथे बाईचा आवाज आणि ‘नोंदवते’ निवडले आहे. म्हणून घरात सगळे त्याला ‘ती’ म्हणतात. मी लिहिताना ‘तो एजंट’ म्हणते, आणि बोलताना माझ्याही तोंडी ‘ती’च येते.

‘ती’शी कोण कसे बोलते, हे आठ महिने ऐकताना मला माणसांबद्दल बरेच कळले. माझा भाचा इंग्रजी-मराठी मिसळून, कर्ता-कर्म गाळून, हुकूम सोडल्यासारखे बोलतो आणि त्याचे काम सर्वांत लवकर होते. खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त आहेत, आयुष्यभर कोणाला अरेतुरे न केलेला माणूस. ते एजंटशी ‘तू’ने बोलतात, कारण यंत्राला अहोजाहो करणे त्यांना खोटे वाटते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या मालवणच्या. त्यांनी एकदा आईच्या वतीने फोन केला, तेव्हा त्यांचे एक वाक्य त्याने तीनदा विचारले आणि चौथ्या वेळी मावशींनी फोन माझ्याकडे दिला. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. ‘माझी भाषा समजत नाही त्याला,’ एवढेच त्या म्हणाल्या. ज्या सेवेला नोकरदार मुंबईकराची मराठी कळते आणि मालवणी वळणाची कळत नाही, ती सेवा मराठीत आहे असे म्हणताना मी अडखळते.

आणि आई. आई त्याच्याशी माणसाशी बोलावे तशीच बोलते. पहिल्याच फोनवर तिने ‘तुझं गाव कुठलं गं?’ असे विचारले. एजंट म्हणाला, ‘मी संगणकावर चालणारी मदतनीस आहे, मला गाव नाही.’ आईने क्षणभर थांबून ‘बरं, असू दे’ म्हटले आणि पुढे तसेच बोलत राहिली. यंत्र आहे हे तिला कळले नाही असे नाही. कळले, आणि तरीही तिने आपली बोलण्याची रीत बदलली नाही. हे वयोमानामुळे होते असे कोणी समजू नये. एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो मुख्यतः माणसाचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारत असे. तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी, थोड्याशा देवाणघेवाणीनंतर, त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले होते. पुढे स्टॅनफर्डमध्ये क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, संगणकाने आपल्याच कामगिरीबद्दल मत विचारले तर लोक अधिक गोड उत्तर देतात आणि तेच मत दुसऱ्या संगणकावर विचारले तर अधिक परखड होतात. म्हणजे तरुण, संगणक नित्य वापरणारी माणसेही यंत्राच्या तोंडावर त्याला वाईट म्हणायचे टाळतात. सौजन्य ही आपली सवय आहे आणि समोर यंत्र आले म्हणून ती सुटत नाही. एजंट बनवणाऱ्यांनी हे सौजन्य गृहीत धरले पाहिजे. त्याचा फायदा घेता कामा नये.

एक गोष्ट त्याने अतिशय चांगली केली, ती आधी नोंदवते. सप्टेंबरमध्ये आईने विचारले, ‘सकाळी उपाशी राहायचं आहे, तर मधुमेहाची गोळी घेऊ का नको?’ एजंटने उत्तर दिले नाही. हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचे आहे असे त्याने स्पष्ट सांगितले, पाणी चालेल पण चहा चालणार नाही एवढी त्याच्या अखत्यारीतली माहिती दिली, आणि हवे असल्यास लॅबमधील माणसाशी जोडून देतो असे म्हणून खरोखरच जोडून दिले. आपल्याला काय सांगता येत नाही हे ज्याला कळते त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, आणि त्या दिवशी माझा त्याच्यावर विश्वास बसला. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये जे झाले त्याने मला अधिक दुखावले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगा रक्त घ्यायला आला आणि त्याने नेहमीच्या दोन नळ्यांऐवजी चार नळ्या भरल्या. पावती पाहिली तेव्हा व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि आणखी दोन तपासण्या मिळून १,८५० रुपये जास्त लागले होते. आईला विचारले तर ती म्हणाली, ‘मी काहीच मागवलं नाही.’ लॅबला विचारले तर उत्तर आले की रुग्णाने फोनवर संमती दिली आहे, ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आईच्या स्मरणशक्तीवर शंका घेणारा सूर त्या उत्तरात होता आणि तो मला सहन झाला नाही. एका शनिवारी मी परळच्या केंद्रावर गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे, काहीही आडपडदा न ठेवता मला ते ध्वनिमुद्रण ऐकवले आणि सोबत त्याची लिखित प्रत समोर ठेवली.

चार मिनिटांच्या त्या संभाषणात आईने एकोणीस वेळा ‘हो’ किंवा ‘हं’ म्हटले होते. मी मोजले. लिखित प्रतीत ते एकोणीस शब्द एकाखाली एक, सारखेच दिसत होते. ऐकताना त्यांतील एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एक लांबवलेला ‘हो…’ होता, म्हणजे ‘ऐकते आहे, पुढे बोल’. एक तुटक होता, म्हणजे ‘हे मला ठाऊक आहे’. एक चढत्या सुरातला ‘हो?’ होता, म्हणजे ‘असं का?’. एजंट सांगत होता की या वयात हाडांसाठी व्हिटॅमिन डी पाहणे उपयुक्त असते, आणि आई ‘हो… हो…’ म्हणत ते ऐकून घेत होती, जसे ती शेजारणीचे बोलणे ऐकून घेते. मग एजंटने विचारले की या तपासण्या जोडू का. त्याच वेळी मागून मावशींचा आवाज येतो, ‘आजी, मेथी निवडायला घेऊ?’ आणि आई म्हणते, ‘हो.’

लिखित प्रतीत मावशींचे वाक्य नव्हतेच. फक्त एजंटचा प्रश्न होता आणि खाली ‘हो’.

मी ते तीनदा ऐकले. व्यवस्थापकांनीही ऐकले आणि दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी स्वतःहून पैसे परत करण्याची तयारी दाखवली. त्यांनी समजावून सांगितले ते असे: फोनवरचा आवाज आधी मजकुरात बदलला जातो, तो मजकूर भाषेच्या मॉडेलकडे, म्हणजे मजकूर वाचून उत्तर तयार करणाऱ्या यंत्रणेकडे जातो, मॉडेलचे उत्तर पुन्हा आवाजात बदलून ऐकवले जाते. बोलण्याचा सूर, लांबी, दम, तोंड कुणीकडे वळवून बोलले हे सारे पहिल्याच पायरीवर गळून पडते. पुढे उरतात ती अक्षरे, आणि अक्षरांत ‘हो’ म्हणजे होकारच. मराठी माणसाच्या बोलण्यात ‘हो’ अनेकदा हुंकार असतो. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने द्यायचा तो हुंकार, जो लहानपणी आजीने आपल्याला द्यायला शिकवलेला असतो. हुंकार थांबला की आजी विचारायची, ‘झोपलास का रे?’ या यंत्राच्या लेखी तोच हुंकार म्हणजे खरेदीची सही झाली.

‘बघते’ या शब्दाचेही तसेच. त्याआधी एकदा एजंटने संपूर्ण तपासणीचे पॅकेज सुचवले होते आणि आईने ‘बरं, बघते’ म्हटले होते. मराठी घरात ‘बघते’ हा समोरच्याचे मन न दुखवता दिलेला नकार आहे, आणि ‘मुलीला विचारून सांगते’ हा त्याहूनही पक्का नकार. एजंटने ते ‘इच्छुक’ म्हणून नोंदवले आणि पुढच्या पंधरा दिवसांत तीन वेळा फोन केला. तेही अनोळखी क्रमांकावरून. घरात एकट्या असणाऱ्या वृद्धांना आपण कानीकपाळी सांगतो की अनोळखी फोन उचलू नका, फसवणुकीचा संशय आला तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकाला कळवा. आणि इकडे आपलीच लॅब तशाच क्रमांकावरून फोन करते. तिसऱ्या फोनला आई घाबरली होती. माझ्या तक्रारीनंतर हे फोन बंद झाले.

या संदर्भात मला मे २०१८ मधले गूगलचे एक प्रात्यक्षिक आठवते. त्यात त्यांच्या ‘ड्युप्लेक्स’ या यंत्रणेने केशकर्तनालयात फोन करून वेळ ठरवली होती, आणि मध्येच तिने माणसासारखा ‘म्म-हम्म’ असा हुंकार दिला होता. सभागृहात हशा आणि टाळ्या झाल्या. नंतर टीका झाली ती याची की, पलीकडच्या बाईंना आपण यंत्राशी बोलतो आहोत हे सांगितलेच नव्हते. त्यानंतर कंपनीने यंत्र आपली ओळख सांगेल असे जाहीर केले. म्हणजे हुंकार द्यायला यंत्राला २०१८ मध्येच शिकवले गेले आहे. हुंकार घ्यायला, म्हणजे समोरच्याचा हुंकार हुंकार म्हणून ओळखायला, अजून शिकवलेले नाही, निदान या एजंटला तरी नाही. हे काम अवघड असेल, पण त्यावाचून मराठी बोलणाऱ्याकडून फोनवर संमती घेता कामा नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची व्याख्या फार नेमकी आहे: ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी. तो कायदा माहितीच्या वापराबद्दल आहे, लॅबच्या बिलाबद्दल नाही. पण संमती कशाला म्हणावे याचे हे माप बिलालाही लावता येईल, आणि मेथी निवडण्यासाठी दिलेला ‘हो’ त्या मापात कुठेही बसत नाही. ‘चूक एजंटची होती’ हे उत्तरही मला पुरेसे वाटत नाही. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, तेव्हा चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. परळच्या व्यवस्थापकांनी असा बचाव केला नाही. ‘आमच्या फोनवर जे बोलले जाते ते आमचेच बोलणे आहे,’ असे ते म्हणाले, आणि पैसे चार दिवसांत परत आले.

त्यानंतर मी त्यांना एक लेखी सूचना दिली, ती इथेही मांडते. ज्या प्रश्नाच्या उत्तराने पैसे लागणार आहेत किंवा रक्त घेतले जाणार आहे, त्या प्रश्नाला नुसता ‘हो’ कधीही पुरेसा मानू नये. काय घेतले जाणार, किती रुपये लागणार हे एका वाक्यात सांगून, माणसाकडून एक वेगळा, रोजच्या हुंकारात न येणारा शब्द घ्यावा. जानेवारीपासून त्यांनी तसा बदल केला आहे. आता एजंट म्हणतो, ‘उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, दोन्ही मिळून इतके रुपये. हे बरोबर असेल तर “नोंद करा” असे म्हणा.’ आई ‘हो’ म्हणाली तर तो पुन्हा विचारतो. सुरुवातीचे वाक्यही बदलले: ‘बोला. मी लॅबची संगणकावरची मदतनीस आहे.’ ओळख पहिल्याच वाक्यात मिळते, विचारावी लागत नाही. युरोपीय महासंघाच्या २०२४ च्या कायद्यात तर यंत्राशी बोलतो आहोत हे माणसाला कळले पाहिजे अशी तरतूदच आहे. परळच्या एका लॅबने ते एका पत्रावरून केले, याचे मला मनापासून कौतुक आहे.

तरीही मी या सेवेला पाचपैकी तीनच तारे देईन. एक तारा मावशींसाठी कापते. ज्या दिवशी त्या फोन करतील आणि काम होईल त्या दिवशी तो परत देईन. दुसरा तारा मी आईमध्ये पाहिलेल्या एका बदलासाठी कापते. ऑक्टोबरच्या प्रकारानंतर आई फोनवर गप्प बसू लागली. एजंट बोलत असताना ती ओठ मिटून घेते, मावशींना हाताने थांबवते आणि फक्त शेवटी ‘नोंद करा’ म्हणते. काम बिनचूक होते, पण ८१ वर्षे ज्या रीतीने ती माणसांचे ऐकत आली ती रीत तिने या फोनपुरती सोडून दिली आहे. हे मला फार लागले. वाकायचे कोणी, यंत्राने की माणसाने, हा प्रश्न आमच्या घरात माणसाच्या विरोधात सुटला आहे.

ज्यांना ही किंवा अशी सेवा वापरायची आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. घरातील वृद्धांच्या नावावर कोणतीही जादा तपासणी मुलांच्या क्रमांकावर विचारल्याशिवाय जोडू नये अशी नोंद लॅबमध्ये करता येते, ती करून घ्यावी. आम्हाला ही सोय उशिरा कळली. आणि बिलाबद्दल वाद झाला तर लिखित प्रतीवर न थांबता मूळ ध्वनिमुद्रण मागावे. आमच्या बाबतीत खरे काय घडले ते फक्त आवाजात शिल्लक होते.

आईची स्वतःची तक्रार मात्र यांपैकी कशाचीच नाही. पैसे परत आले हे ऐकून ती ‘बरं झालं’ एवढेच म्हणाली. तिला खटकते ते वेगळेच. माणसांच्या बोलण्यात एकाचे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतके अंतर असते, असे दहा भाषांच्या एका अभ्यासात आढळले होते. एजंटला उत्तर द्यायला दीड-दोन सेकंद लागतात, आणि त्या शांततेत आईला वाटते की फोन कट झाला. ती ‘हॅलो? हॅलो?’ म्हणते, मग यंत्र तिचे बोलणे मध्येच आले असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ‘मी एवढं सांगते,’ ती मला म्हणाली, ‘ती मध्ये मध्ये नुसतं हं का म्हणत नाही?’ आपण यंत्र आहोत हे त्याने आधीच सांगितले असेल, तर असा हुंकार देण्यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. तो केवळ ‘ऐकू येते आहे’ असे सांगेल, आणि ते खरेच असेल. गेल्या सोमवारी मी आईचे हे वाक्य तिच्याच शब्दांत लिहून परळला पाठवले आहे. व्यवस्थापकांचे उत्तर आले की त्यांनी ते सेवा पुरवणाऱ्यांकडे पुढे धाडले आहे.